'आर यू सीइंग माय स्क्रीन?' : 'सी', 'लुक', 'वॉच'चा घोळ पुन्हा पुन्हा का होतो आणि तो कसा मिटवायचा

तक्रार नेहमीचीच आहे. बारावीला इंग्रजीत चांगले मार्क पडलेला मुलगा ऑनलाइन मुलाखतीला बसतो, स्क्रीन शेअर करतो आणि विचारतो, 'सर, आर यू सीइंग माय स्क्रीन?' नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी साहेबांना मेल लिहिते, 'आय विल ओव्हरलुक द वर्क.' तिला सांगायचं असतं की कामावर मी देखरेख ठेवीन. वाचणाऱ्याला कळतं की ही कामाकडे दुर्लक्ष करणार आहे. चौथीतलं पोरगं सांगतं, 'आय ॲम सीइंग टीव्ही.' आपण चूक दाखवतो, मुलं माना डोलावतात, वहीत बरोबर वाक्य उतरवून घेतात, आणि थोड्याच दिवसांत तीच चूक जशीच्या तशी परत येते.

मी परभणीत इंग्रजी शिकवतो. शाळेतली पोरं, एमपीएससीची तयारी करणारी, पुण्याला नोकरीसाठी निघालेली, सगळ्यांच्या वह्यांत हा घोळ सापडतो. महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, तरीही हा घोळ आहे तिथेच आहे. यात मुलांची अक्कल कमी पडत नाही. आपण दुरुस्ती चुकीच्या ठिकाणी करतो, म्हणून ती टिकत नाही. हे मला पालकांना आणि शिक्षकांनाही पटवून द्यायचंय.

मूळ कुठे आहे

मूळ आहे फळ्यावरच्या एका ओळीत: 'सी म्हणजे पाहणे, लुक म्हणजे पाहणे, वॉच म्हणजे पाहणे.' तिन्हींपुढे एकच मराठी शब्द लिहिला की मुलाच्या डोक्यात ते तिन्ही एकाच पोत्यात जातात. मग जो हाताला लागेल तो बाहेर काढायचा. बहुतेक वेळा 'सी' लागतो, कारण तो सगळ्यांत आधी शिकवलेला असतो.

खरं तर 'सी' हा आधी 'दिसणे' आहे, 'पाहणे' नंतर. डोळे उघडे आहेत आणि समोरची वस्तू आपोआप नजरेला पडते, त्याला 'सी' म्हणतात. त्यात आपल्याला काही करावं लागत नाही. डोळे मुद्दाम कशाकडे तरी वळवले की 'लुक ॲट'. वळवलेले डोळे तिथेच ठेवून पुढे काय घडतंय त्यावर लक्ष ठेवलं की 'वॉच'.

हा फरक मराठीला नवा नाही. तो आपल्याकडे आधीपासून आहे, फक्त क्रियापदाबरोबर विभक्तीतही लपलेला आहे म्हणून लक्षात येत नाही. ही तीन वाक्यं मोठ्यानं म्हणा:

मला टीव्ही दिसतोय.
मी टीव्हीकडे बघतोय.
मी टीव्ही बघतोय.

तिन्हींचा अर्थ वेगळा आहे आणि आपल्या घरातल्या अडाणी आजीलाही तो फरक कळतो. 'मला दिसतोय' म्हणजे टीव्ही खोलीत आहे आणि नजरेला पडतोय, तो बंद असला तरी चालेल. इथे 'सी'. 'टीव्हीकडे बघतोय' म्हणजे नजर त्या दिशेला आहे. इथे 'लुक ॲट'. 'टीव्ही बघतोय' म्हणजे त्यावरचा कार्यक्रम चालू आहे आणि मी त्यात आहे. इथे 'वॉच'. म्हणजे मूल आधी 'मला', 'कडे' की नुसतंच 'बघणे' हे ओळखायला शिकलं, तर अर्धं काम मराठीतच होतं. दखनी किंवा हिंदी बोलणाऱ्या घरातल्या मुलांनाही हे लगेच पटतं, कारण त्यांच्याकडे 'दिखना' आणि 'देखना' वेगळे आहेतच.

'कडे'चा दुसरा फायदा असा की 'लुक'नंतरचा 'ॲट' विसरत नाही. 'लुक द बोर्ड' ही चूक वर्षानुवर्षं चालते. 'फळा बघ' आणि 'फळ्याकडे बघ' यांतलं 'कडे' म्हणजेच 'ॲट' असं एकदा जोडून दिलं, की मूल 'ॲट' गाळत नाही. ज्याच्या घरी 'माझ्याकडे बघून बोल' हे रोज ऐकू येतं, त्याला 'लुक ॲट मी' पाठ करावं लागत नाही.

'आय ॲम सीइंग' कुठून येतं

आपल्या भागातल्या मुलांना इथे एक जादा अडचण आहे. पुण्याकडची मुलं 'दिसतंय' म्हणतात, आपण 'दिसायलंय' म्हणतो. 'काय करायलास?', 'जेवायलोय', 'टीव्ही बघायलोय' या आपल्या बोलीत क्रिया चालू असल्याचं इतकं ठसठशीत सांगितलेलं असतं, की इंग्रजीत त्याच्या जागी 'आयएनजी' घातल्याशिवाय मुलाला वाक्य पुरं झाल्यासारखं वाटतच नाही. 'जेवायलोय'चं 'आय ॲम ईटिंग' बरोबर येतं, 'बघायलोय'चं 'आय ॲम वॉचिंग' बरोबर येतं. मग 'दिसायलंय'चं 'आय ॲम सीइंग' का नको, हा त्याचा हिशेब आहे. त्याच्या बाजूनं तो चोख आहे.

नववीतल्या एका मुलीशी झालेलं हे बोलणं. ती तिसऱ्या बाकावर बसायची.

"फळ्यावरचं दिसायलंय का गं?"
"हो सर, दिसायलंय."
"इंग्रजीत सांग."
"येस सर, आय ॲम सीइंग."
"बरं, मला सांग, फळा तू मुद्दाम बघायलीस का तो आपोआप दिसायलाय?"
तिनं जरा विचार केला. "आपोआप दिसायलाय सर. समोरच हाय की."
"मग तू काही करायलीस का?"
"नाही सर."
"जे तू करतच नाहीस, ते 'करायलेय' कसं म्हणायचं?"

पुढचं तिनंच सांगितलं. जे आपण करत नाही, आपल्याला नुसतं घडतं, तिथे 'आयएनजी' लागत नाही. ऐकू येणं, वास येणं, आवडणं, माहीत असणं ही सगळी त्याच घरातली क्रियापदं. 'आय ॲम हिअरिंग यू', 'आय ॲम नोइंग', 'आय ॲम लायकिंग' या चुका एकाच मुळाच्या आहेत. मराठीत ती बहुतेक 'मला'नं सुरू होतात: मला दिसतं, मला ऐकू येतं, मला वास येतो, मला आवडतं, मला माहीत आहे. वाक्य 'मला'नं सुरू झालं की 'आयएनजी' लावण्याआधी थांबायचं, एवढी खूण मुलाला पुरते. याला अपवाद आहेत ('मला राग येतोय' वगैरे), पण डोळ्या-कानांच्या बाबतीत ही खूण फसत नाही.

मग 'आत्ता या क्षणी दिसतंय' हे इंग्रजीत सांगायचं कसं? त्यासाठी इंग्रजी माणूस 'कॅन' वापरतो. 'आय कॅन सी द फोर्ट फ्रॉम हिअर.' दौलताबादच्या रस्त्यावरून देवगिरीचा डोंगर दिसायला लागला की हेच वाक्य. इथे 'कॅन'चा अर्थ 'मी पाहू शकतो' असा ताकदीचा घेऊ नका, नुसतं 'दिसतंय' घ्या. 'कॅन यू सी माय स्क्रीन?' म्हणजे 'माझी स्क्रीन दिसायलीय का?' दिसत नसेल तर 'आय कान्ट सी इट यट'. आवाजाचंही तसंच: 'कॅन यू हिअर मी?' मुलाखतीला निघालेल्या प्रत्येकानं ही वाक्यं जिभेवर बसवावीत, कारण ऑनलाइन मुलाखतीतली पहिली वाक्यं हीच असतात आणि पहिल्याच वाक्याला अडखळलं की आपली पोरं उरलेली मुलाखत खाली मान घालून देतात. हे मी फार वेळा पाहिलंय आणि दर वेळी वाईट वाटतं.

'सीइंग' कधीच चालत नाही असं मात्र शिकवू नका. ती दुसरी चूक होईल. 'सी'चा अर्थ 'भेटणे' असला की 'आयएनजी' बिनधास्त चालतो: 'आय ॲम सीइंग द डॉक्टर टुमॉरो.' हळूहळू बदलत चाललेल्या गोष्टीसाठीही चालतो. सप्टेंबरातला पाऊस हल्ली वाढल्यासारखा वाटतोय हे सांगायला 'वी आर सीइंग मोअर रेन इन सप्टेंबर' हे अगदी शुद्ध इंग्रजी आहे. आणि भास होत असेल तर 'ॲम आय सीइंग थिंग्ज?' म्हणतात.

जाता जाता, 'साइटसीइंग' हा तयार शब्द आहे, तो तसाच राहतो. वेरूळ-अजिंठ्याकडच्या गाड्यांवर आणि पाट्यांवर त्यातल्या 'साइट'चं स्पेलिंग बांधकामाच्या साइटचं लिहिलेलं दिसतं. हवं आहे ते दृष्टीच्या, दृश्याच्या 'साइट'चं. आणि जायकवाडीवर रोहित पक्षी बघायला जाता ते 'बर्ड वॉचिंग', कारण तिथे तासन्‌तास दुर्बीण लावून पक्षी काय करतायत ते बघायचं असतं. आपल्या वॉचमनलाही म्हणूनच 'वॉच'मन म्हणतात.

'दिसणे' दोन प्रकारचं असतं

वरचं सगळं नीट समजलेली मुलं इथे येऊन अडतात. 'सी म्हणजे दिसणे' हे पक्कं झालं की ती लिहितात, 'शी सीज टायर्ड.' ती दमलेली दिसते. मराठीत शब्द तोच, पण इंग्रजीत इथे 'लुक' येतो.

यासाठी एकच प्रश्न विचारायचा: 'काय दिसतं?' की 'कसं दिसतं?'

मला विहीर दिसते. काय दिसते? विहीर. 'आय सी अ वेल.'
विहीर खोल दिसते. कशी दिसते? खोल. 'द वेल लुक्स डीप.'

'काय'चं उत्तर आलं तर 'सी', 'कसं'चं आलं तर 'लुक'. यात अजून एक जपायचं. या 'लुक'नंतर विशेषण येतं, क्रियाविशेषण नाही. 'शी लुक्स ब्यूटिफुली' चुकीचं, 'शी लुक्स ब्यूटिफुल' बरोबर. तिचं बघणं सुंदर नाही, ती सुंदर दिसते. आणि 'पाऊस येईलसं दिसतंय' यातलं 'दिसणे' अंदाजाचं आहे. तिथे 'इट लुक्स लाइक रेन'. 'साहेब आलेले दिसत नाहीत' याला 'सीम' घ्या: 'ही डझन्ट सीम टू हॅव कम.'

'पाहून झालंय' का, तेही तपासा

'बीबी का मकबरा पाहिलास का?' इथे 'कडे' नाही, 'मला' नाही. वरच्या नियमानं 'वॉच' यायला हवा. पण येतो 'सी': 'हॅव यू सीन बीबी का मकबरा?' आयुष्यात एखादी गोष्ट पाहून झाली आहे की नाही, हा अनुभवाचा हिशेब असला की 'सीन' येतो. सिनेमाचं दोन्हीकडे जमतं. टॉकीजला जाऊन पाहिला तर 'सॉ', घरी मोबाइलवर पाहिला तर शक्यतो 'वॉच्ड'. इंग्रजी बोलणारे लोकही इथे काटेकोर नसतात, तेव्हा सिनेमाच्या वाक्यात मुलांचे मार्क कापू नका.

आणि 'सी, सॉ, सीन' ही तीन रूपं पाठच हवीत, त्याला दुसरा मार्ग नाही. 'आय हॅव सॉ' आणि 'आय सीन' ही दोन्ही वाक्यं मोडकी आहेत. 'हॅव' असेल तर 'सीन', नसेल तर 'सॉ'.

बघ, करून बघ, मी बघतो, शेती बघतो

आता खरी गर्दी. आपण मराठीत 'बघणे' इतक्या ठिकाणी वापरतो की डोळ्यांशी त्याचा संबंधच राहत नाही. इंग्रजीतला 'सी'ही तितकाच भटका आहे. दोघांच्या वाटा काही ठिकाणी एक होतात आणि बऱ्याच ठिकाणी फुटतात. या जागा एकेक करून सांगाव्या लागतात.

'नळाला पाणी आलंय का बघ.' 'दारात कोण आहे बघ.' इथे दोन्ही भाषा अगदी जुळतात. 'सी इफ द वॉटर हॅज कम.' 'सी हू इज ॲट द डोअर.' 'का', 'कोण', 'काय' यांच्याबरोबर 'बघ' आलं म्हणजे शोधून काढ, खात्री कर. तिथे 'सी' घ्या.

'मीठ घालून बघ.' 'त्याला फोन करून बघ.' इथे वाट फुटते. मुलं लिहितात, 'कॉल हिम अँड सी.' हे अगदीच चूक नाही, पण साधं इंग्रजी आहे 'ट्राय': 'ट्राय कॉलिंग हिम', 'ट्राय ॲडिंग सॉल्ट'. कुठलंही 'करून बघ' दिसलं की 'ट्राय'.

'गावाकडची शेती भाऊ बघतो.' 'म्हाताऱ्या आईकडे कोण बघतं?' इथे 'सी' नाही आणि 'लुक ॲट'ही नाही. 'लुक आफ्टर' हवा. 'माय ब्रदर लुक्स आफ्टर द फार्म.' तलाठी येऊन पिकाची पाहणी करून गेले, तर 'इन्स्पेक्टेड'. 'ई-पीक पाहणी'तली 'पाहणी' इंग्रजीत सांगताना 'सीइंग' असं लिहिलेलं मी स्वतः तपासलंय. तिथे 'सर्व्हे' किंवा 'इन्स्पेक्शन' लागतं.

'मी बघतो' या दोन शब्दांवर तर नोकरी टिकते किंवा जाते. आपल्याकडे 'बघतो' म्हणजे बऱ्याचदा 'होईल असं वाटत नाही, पण तोंडावर नाही म्हणत नाही'. इंग्रजीत 'आय विल सी' म्हणजे 'विचार करतो, अजून काही ठरलेलं नाही'. साहेबांनी काम सांगितलं आणि तुम्ही 'आय विल सी' म्हणालात, तर तुम्ही टाळाटाळ केली असं ते समजतील. पण त्यालाच 'टू इट' जोडलं तर अर्थ पार उलटा होतो: 'आय विल सी टू इट' म्हणजे 'हे काम होणार, जबाबदारी माझी'. वरिष्ठ जेव्हा लिहितात 'प्लीज सी टू इट दॅट द रिपोर्ट रीचेस बाय मंडे', तेव्हा ती विनंती नसते, आदेश असतो. हमी देता येत नसेल पण प्रयत्न करणार असाल, तर मधली वाट आहे: 'आय विल सी व्हॉट आय कॅन डू.' प्रकरणात लक्ष घालून चौकशी करणार असाल तर 'आय विल लुक इन्टू इट'. ही चार वाक्यं ऑफिसात जाणाऱ्या प्रत्येक मुलानं वेगवेगळी ओळखलीच पाहिजेत. व्याकरणाच्या दहा धड्यांपेक्षा मला ती मोलाची वाटतात.

'ओव्हर'चं तिथेच मिटवून टाका. 'ओव्हरसी' म्हणजे देखरेख करणे. 'ओव्हरलुक' म्हणजे नजरेतून सुटणे किंवा मुद्दाम दुर्लक्ष करणे. 'ओव्हरसाइट'चे दोन अर्थ आहेत, एक देखरेख आणि दुसरा अनवधानानं राहून गेलेली चूक. माफीच्या पत्रात दुसरा येतो, सरकारी कागदात बहुधा पहिला. 'ओव्हरसीज'मधला 'सी' मात्र समुद्राचा, त्याचा डोळ्यांशी काही संबंध नाही.

नोकरीच्या अर्जात शेवटी 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू' लिहू नका. 'टू मीटिंग यू' लिहा. आणि पहिल्या भेटीत 'नाइस टू मीट यू', ओळख झाल्यावर पुढच्या भेटीत 'नाइस टू सी यू'.

दवाखाना आणि कांदेपोहे

दोन जागा खास आपल्या आहेत.

आपण डॉक्टरांना दाखवतो. 'आईला नांदेडला नेऊन दाखवून आणलं.' मुलं लिहितात, 'आय शोड माय मदर टू डॉक्टर.' इंग्रजीत पेशंट दाखवत नाही, पेशंट डॉक्टरला 'सी' करतो: 'आय सॉ अ डॉक्टर.' आईला नेलं असेल तर 'आय टुक माय मदर टू सी अ डॉक्टर.' आणि डॉक्टरही पेशंटला 'सी' करतो: 'द डॉक्टर विल सी यू नाउ.' 'तुम्हाला आत बोलावलंय' एवढाच त्याचा अर्थ. हे शिकवल्याशिवाय कळत नाही, कारण मराठीतली दिशा उलटी आहे. रजेच्या अर्जात हे वाक्य हमखास लागतं, म्हणून लवकर शिकवा.

दुसरी जागा लग्नाची. 'उद्या मुलगी बघायला चाललोय' याचं 'आय ॲम सीइंग अ गर्ल' केलं, तर ऐकणारा समजेल की तुमचं त्या मुलीशी प्रेमप्रकरण चालू आहे, कारण इंग्रजीत 'सीइंग समवन'चा तोच अर्थ आहे. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला इंग्रजीत तयार शब्द नाही. तेव्हा सरळ सांगावं की घरचे आणि मी एका स्थळाला भेटायला चाललोय: 'वुई आर मीटिंग अ गर्ल अँड हर फॅमिली अबाउट मॅरेज.' लांब होतं, पण गैरसमज होत नाही.

उतारा वाचताना अडतं ते

बोलण्यात सगळं जमलेली मुलं पेपरातल्या उताऱ्यात अडतात. 'सप्टेंबर नाइन्टीन फॉर्टी-एट सॉ द एंड ऑफ द निझाम्स रूल.' सप्टेंबर महिना कसा काय पाहील? इंग्रजीत वेळ किंवा जागा कर्ता होऊन 'सॉ' आलं, तर 'त्या काळी, त्या ठिकाणी हे घडलं' एवढाच अर्थ घ्यायचा. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली. 'किल्लारी सॉ अ टेरिबल अर्थक्वेक इन नाइन्टीन नाइन्टी-थ्री': ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेही इंग्रजी बातमीत 'लातूर सॉ'नं सुरू होऊ शकतं. भाषांतराच्या प्रश्नात 'लातूरने पाण्याची रेल्वे पाहिली' असं उतरवू नका. तसं मराठी कुणी बोलत नाही. हां, 'बहात्तरचा दुष्काळ पाहिलेली माणसं' असं आपण म्हणतो. तिथे माणसं कर्ता आहेत आणि त्यांनी तो दुष्काळ खरोखर सोसलाय. ते 'सॉ' बरोबर जुळतं.

समोरचा 'आय सी' म्हणाला तर त्यानं काही पाहिलेलं नसतं, 'अच्छा, असं होय' एवढंच म्हटलेलं असतं. फोनवरही म्हणतात. 'आय सी युअर पॉइंट' म्हणजे मुद्दा समजला, पटला असं नव्हे. 'सी थ्रू समवन' म्हणजे एखाद्याचा कावा ओळखणे, आणि 'सी समथिंग थ्रू' म्हणजे काम तडीस नेणे. मधला शब्द इकडचा तिकडे गेला की अर्थ बदलतो. 'सी ऑफ' म्हणजे निरोप द्यायला स्टेशनवर जाणे. 'सीइंग दॅट' वाक्याच्या सुरुवातीला आलं तर 'ज्याअर्थी'.

स्पर्धा परीक्षावाल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. चालू घडामोडींत 'होली सी' येतं. तो व्हॅटिकनचा, पोपच्या धर्मपीठाचा उल्लेख. संयुक्त राष्ट्रसंघात १९६४ पासून त्याला कायम निरीक्षकाचा दर्जा आहे. हा 'सी' पाहण्याचाही नाही आणि समुद्राचाही नाही. लॅटिनमधल्या 'आसन' या अर्थाच्या शब्दापासून तो आलाय.

आणि प्रयोग बदलण्याच्या प्रश्नात हमखास विचारतात ते: 'आय सॉ हिम क्रॉस द रोड.' कर्मणी करताना 'टू' परत येतो: 'ही वॉज सीन टू क्रॉस द रोड.' 'क्रॉस' आणि 'क्रॉसिंग' यांतला फरक मराठीत सहज कळतो. रस्ता ओलांडून पलीकडे गेलेलं पाहिलं, तर 'क्रॉस'. ओलांडताना पाहिलं, पलीकडे पोचला की नाही माहीत नाही, तर 'क्रॉसिंग'. अपघाताच्या साक्षीत या दोन शब्दांनी फार फरक पडेल, असं सांगितलं की मुलं ते विसरत नाहीत.

तरीही चूक परत आली तर

परत येणारच. वहीतली चूक लवकर जाते, तोंडातली राहते, कारण बोलताना मूल नियम आठवत नाही, बोलीत विचार करतं. म्हणून दुरुस्तीही बोलीतूनच करा. 'चूक, परत म्हण' असं म्हणू नका. त्याला मराठीत विचारा: दिसायलंय का बघायलास? कडे का नुसतं? काय दिसतं का कसं दिसतं? उत्तर त्याच्याच तोंडून आलं की इंग्रजी शब्द तोच निवडतो.

पहिली-दुसरीच्या बाईंना माझी हात जोडून विनंती आहे. फळ्यावर 'सी म्हणजे पाहणे' लिहू नका. 'आय कॅन सी: मला दिसतं', 'लुक ॲट: कडे बघ', 'वॉच: बघत राहा' अशी वाक्यांसकट जोडी लिहा. खिडकीतून बाहेर बोट दाखवा आणि पोरांना झाड, गाय, टाकी, एसटी जे दिसेल ते 'आय कॅन सी'नं सांगू द्या. सहा वर्षांच्या मुलाला यात काहीच अवघड वाटत नाही, आणि पुढे दहावीत आम्हाला जे खरवडून काढावं लागतं ते मुळात चिकटतच नाही.

आपली दुरुस्ती बसली की नाही हे तपासायला मी ही वाक्यं देतो. आधी उत्तर झाकून करा.

धुक्यात समोरचं काही दिसायलं नाही. ('आय कान्ट सी')
बाळाकडे बघ, हसायलंय. ('लुक ॲट')
वासरू दावं सोडवून पळेल, लक्ष ठेव. ('वॉच')
कापूस यंदा चांगला दिसतोय. ('लुक्स')
गाडीला धक्का मारून बघ. ('ट्राय')
दुकान आता धाकटा बघतो. ('लुक्स आफ्टर')
बिल भरलंय का बघ. ('सी इफ')
पैठणचं धरण पाहिलंय का तुम्ही? ('हॅव यू सीन')

सहाव्या वाक्याला मूल 'सीज' म्हणालं तर 'बघणे'चा भाग पुन्हा घ्या. पहिल्यालाच 'आय ॲम नॉट सीइंग' म्हणालं तर 'मला'च्या खुणेपासून परत सुरुवात करा आणि बाकीची वाक्यं त्या दिवशी घेऊ नका.